उम्म सनाच्या तारा

खलफच्या चाळिसाव्याचं जेवण उरकलं, पाहुण्यांनी हात धुतले, आणि चहा येईपर्यंत हीतहून आलेल्या थोरल्या दिराने विषय काढला. जनरेटर विकून टाकावं. बाईमाणसाने ते ठेवून करायचं काय? गिऱ्हाईक तो स्वतःच बघणार होता.

वफिया दाराशी उभी राहून ऐकत होती. दीर फुरात नदीकाठचा, सुन्नी. ती स्वतः दक्षिणेकडच्या अमाराची, शिया. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली होती, आणि एवढ्या वर्षांत हा फरक घरात दिसला तो फक्त नमाजला उभं राहताना. खलफ हात बांधून उभा राहायचा, ती हात सोडून. त्यांची मुलगी सना लहानपणी एक हात बांधायची आणि एक सोडायची, आणि दोघंही नमाज सोडून हसायचे.

खलफ जनरेटरचा फिल्टर आणायला बाजारात गेला होता. रस्त्यात अमेरिकी लष्कराचा ताफा लागला. मागच्या गाड्यांनी लांब राहावं असं त्यांच्या शेवटच्या गाडीवरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं. खलफला दुपारच्या उन्हात ती पाटी दिसायच्या आत गोळी आली. नंतर एक दुभाष्या घरी येऊन सांगून गेला की चूक झाली. वफियाने त्याला विचारलं, "कुणाची?" तो बूट घालून निघून गेला.

तेव्हापासून बगदादच्या बुस्तान मोहल्ल्यात संध्याकाळी अंधार होता. युद्ध झाल्यापासून सरकारी वीज आली तर आली. बाकी सगळा मोहल्ला खलफच्या जनरेटरवर चालायचा. जुन्या ट्रकचं इंजिन, त्यावर पत्र्याची शेड, आणि शेडमधून निघून खांबांवरून घराघरांत गेलेल्या तारा. चाळीस दिवस लोक शोक पाळत होते म्हणून कुणी बोललं नाही, पण बैठकीतले पाहुणे अंगरख्याच्या टोकाने वारा घेत होते ते तिला दिसत होतं.

ती मागच्या दाराने निघाली. अबायाचं टोक कमरेला खोचलं आणि शेडमध्ये शिरली. सबीह तिथेच पेटीवर बसला होता. सबीह म्हणजे खलफचा तारवाला. रस्त्यापलीकडच्या गल्लीत राहायचा, कमरेच्या पट्ट्याला पक्कड लटकवून रोज सकाळी अलीकडे यायचा आणि दिवसभर कशावर ना कशावर कुरकुर करायचा. इंजिनाला तो 'हाजिया', म्हणजे हज करून आलेली म्हातारी, म्हणायचा. सकाळी उठल्या उठल्या खोकते आणि मग दिवसभर थांबत नाही, म्हणून.

"वहिनी, बॅटरी उतरलीय. हाजिया नाही उठायची आज," तो म्हणाला.

"तू बाजूला हो."

खलफला चहा द्यायला ती रोज इथे यायची आणि ग्लास रिकामा होईपर्यंत बघत उभी राहायची. डिझेल कुठून येतं, हवा कशी काढायची, कुठला खटका आधी, कुठला मग, हे तिने बघून बघून घेतलं होतं. शेजारच्या टॅक्सीची बॅटरी सबीहने काढून आणली. पहिल्या खेपेला इंजिन नुसतं गुरगुरलं. दुसऱ्या खेपेला काळा धूर टाकून धडधडू लागलं. वफियाने एकेक खटका वर केला, आणि घरांमध्ये दिवे लागले. तिच्या बैठकीतला पंखाही फिरला आणि दिराच्या हातातल्या वर्तमानपत्राची पानं उडाली.

ती काळ्या हातांनी परत आली तेव्हा दीर म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"आत्ता तरी 'पंखा लागला' म्हणतायत," वफिया म्हणाली, आणि चहा आणायला गेली.

लोक नंतर हसलेच. सनाची आई म्हणून मोहल्ला तिला उम्म सना म्हणायचा. बाजारात बायका तिच्या अबायाला नाक लावून म्हणायच्या, "उम्म सना, कुठलं अत्तर गं हे, डिझेल?" पण तिच्या वेळा चुकत नव्हत्या. संध्याकाळच्या, मगरीबच्या अजानला जनरेटर सुरू व्हायचं. परीक्षेच्या दिवसांत ती दुपारीही चालवायची. रमजानमध्ये सहरीआधी पोरं ढोल वाजवत फिरायची, पण लोक उठायचे ते हाजियाच्या खोकल्याने. वर्षभरात हसणं थांबलं.

मोहल्ल्याच्या मधून नर्सरीचा रस्ता जायचा. पूर्वी दोन्ही बाजूंना रोपवाटिका होत्या, त्यावरून नाव पडलं. अलीकडे इमामबाडा आणि खाटकाचं दुकान, पलीकडे मशीद आणि समून पाव भाजणारी भट्टी. मटण घ्यायला पलीकडचे इकडे यायचे आणि पाव घ्यायला अलीकडचे तिकडे जायचे. मग समार्‍याच्या शिया दर्ग्याचा सोनेरी घुमट कुणीतरी स्फोटाने उडवला, आणि बगदादमध्ये माणसं एकमेकांची नावं नव्याने ऐकू लागली. उमर अशा सुन्नी नावाच्या पोराने कुठल्या नाक्यावरून जायचं नाही, अब्बास अशा शिया नावाच्या पोराने कुठल्या, हे आया घरात बसून पोरांना पढवू लागल्या. सकाळी रिकाम्या प्लॉटवर प्रेतं सापडायची. अलीकडची सुन्नी कुटुंबं पलीकडे गेली, पलीकडची शिया अलीकडे आली. काहींनी तर एकमेकांची घरं किल्ल्यांसकट बदलून घेतली, चुलीवरची भांडी तशीच ठेवून. नर्सरीच्या रस्त्यावर गवत उगवलं. गच्च्यांवर बंदुका आल्या. रस्ता ओलांडणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या, वफियाच्या तारा आणि सबीह.

सबीहला तिने सांगून पाहिलं, "तू येत जाऊ नको."

"मग हाजियाला तेल कोण पाजणार? तुम्ही पाजता ते निम्मं जमिनीवर जातं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मैथम तिच्या शेडवर आला. तिच्या मैत्रिणीचा, नजीबाचा मुलगा. चार वर्षांमागे हाच मैथम शेडच्या सावलीला हातगाडी लावून टरबुजं विकायचा, आणि उरलेलं टरबूज खलफसाठी फोडून ठेवायचा. आता अलीकडच्या गल्ल्या त्याच्या हातात होत्या. काळा सदरा, पाठीशी काळ्या सदऱ्यातली तीन-चार पोरं.

"खाला, पलीकडच्या तारा काढून टाका."

"का रे, जळाल्या का?"

"मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळतंय."

"मला तारा कळतात. बाकीचं तू नीट सांग."

मैथमने पोरांकडे एकदा बघितलं. "तिकडून रोज गोळ्या येतात. आपल्या विजेवर त्यांचे फोन चार्ज होतात, आणि त्याच फोनवरून आपली पोरं कुठे उभी आहेत ते कळवतात. परवा आमचा एक गेला."

"देव त्याला जागा देवो. त्याची आई माझ्या ओळखीची आहे, मी जाऊन आले," वफिया म्हणाली. "इकडूनही गोळ्या जातात, मैथम. मग इकडच्या पण तारा काढू?"

"तुम्ही आपल्या आहात म्हणून तोंडाने सांगतोय."

"आपली? सनाचा बाप हीतचा होता. पलीकडचं तोडून टाकायचं म्हटलं तर सनाचं काय करू, मधोमध कापू?"

मागच्या एका पोराला हसू आलं. मैथमला आलं नाही. "विचार करा," एवढं म्हणून तो गेला. जाताना त्याने सवयीने शेडचं दार ओढून घेतलं, खलफच्या वेळी घ्यायचा तसं.

पलीकडे काही वेगळं नव्हतं. तिथे बाहेरून आलेल्या हत्यारबंद माणसांनी मशिदीजवळचं घर घेतलं होतं. सबीहने बातमी आणली. "ते म्हणतात, यांच्या विजेवर पंखा फिरवणं हराम आहे. मी विचारलं, वारापण शिया असतो का? तर बंदूक दाखवली."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार, पंखा बंद केला. ते गेल्यावर लावला."

आठवड्याने वफिया सकाळी शेडमध्ये गेली तेव्हा तिच्या खुर्चीवर, बसायच्या गादीच्या बरोबर मधोमध, बंदुकीची एक गोळी ठेवलेली होती. निरोप समजायला अक्षर लागत नव्हतं. तिने ती उचलून खिडकीबाहेर फेकली, पण डिझेल ओतताना अर्धं सांडलं. घरी तिने सांगितलं नाही. तरी सनाला कळलंच, शेजारच्या पोरीकडून.

"अम्मा, आपण अमाराला मामाकडे जाऊ," सना म्हणाली. ती तेव्हा अठराची होती, आणि बापासारखी हळू बोलायची. "नाहीतर हीतला काकाकडे."

"अमाराला गेलो तर तुझा बाप कोण विचारतील, हीतला गेलो तर तुझी आई कोण विचारतील. इथे कुणी विचारायची गरज नाही, इथे सगळ्यांना माहीत आहे." वफिया भेंड्या चिरत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तुला जायचं असेल तर तू जा, बाळा. मी रागावणार नाही."

सना गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर शेडमध्ये येऊन बसू लागली.

मग एका दुपारी मैथमच्या पोरांनी खांबावर चढून पलीकडच्या सगळ्या तारा कापल्या. तारा रस्त्यात लोंबत राहिल्या. त्या दिवशी ऊन असं होतं की लोखंडी कडीला हात लावता येत नव्हता. वीज नाही म्हणजे पाणी चढवायची मोटरही नाही. पलीकडून, लांबून, बायकांचे आवाज यायचे. शब्द कळत नव्हते, पण कशाबद्दल चाललंय ते कळत होतं.

सबीह दुसऱ्या दिवशी शिडी घेऊनच आला. वफिया त्याला आडवी गेली. "आज नको. मी आधी बोलते त्यांच्याशी."

"वहिनी, तारवाल्याला कुणी मारत नाही. तारवाला मेला तर अंधारात गोळी कुणाला मारणार?" तो हसला, पट्टा घट्ट केला आणि रस्त्याच्या मधल्या खांबावर चढला. दोन तारा त्याने जोडल्या. तिसरीला हात घातला आणि एक आवाज झाला. एकच. सबीह पट्ट्याला लटकला, मग पट्टा सुटला.

गोळी कुठल्या गच्चीवरून आली ते आजही कुणाला माहीत नाही. अलीकडचे म्हणाले पलीकडून, पलीकडचे म्हणाले अलीकडून. त्या वेळी मात्र कुणीच काही म्हणत नव्हतं. रस्ता रिकामा, दोन्हीकडे दारं बंद, आणि मधोमध सबीह.

वफियाने शेडमधला पांढरा पंचा उचलला आणि बाहेर पडली. सनाने मागून हाक मारली ती तिने ऐकली नाही. रस्ता काही फार रुंद नव्हता, पण तिला तो संपेना. हातातला पंचा उंच धरून ती चालत राहिली, आणि खांबाशी पोचली तेव्हा समोरून आणखी एक माणूस येताना दिसला. हाजी मुनीर. पलीकडच्या मशिदीत अजान देणारा म्हातारा शिंपी. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने रोपवाटिकेतली जुनी ढकलगाडी ओढत होता. गाडीचं चाक कुरकुरत होतं, आणि तेवढाच आवाज रस्त्यावर होता.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला, हाजी."

"उम्म सना, तुम्ही पाय धरा. डोकं मी धरतो."

म्हाताऱ्याच्या अंगात जोर नव्हता. दोनदा सबीह त्यांच्या हातून निसटला. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून त्याला गाडीवर घेतलं. वफियाने पंचा त्याच्या तोंडावर टाकला आणि गाडीची एक बाजू धरली. कुणी गोळी झाडली नाही. ती पलीकडच्या गल्लीत शिरली तेव्हा दारं एकेक करून उघडू लागली. सबीहच्या घराशी त्याची बायको उभी होती. वफियाला वाटलं होतं ती शिव्या देईल. ती वफियाच्या गळ्यात पडली आणि दोघी उंबऱ्यातच खाली बसल्या.

पुढे पलीकडच्या हत्यारबंद माणसांनी सबीहचा फोटो शहीद म्हणून भिंतीवर लावला. त्याच्या बायकोने तो नखांनी खरवडून काढला. "माझा नवरा तारेसाठी गेला, तुमच्यासाठी नाही," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणाली. हे वफियाला हाजी मुनीरकडून नंतर कळलं, आणि ती गोष्ट ती आजही अभिमानाने सांगते, जणू सबीहची बायको तिची सख्खी बहीण होती.

त्या संध्याकाळी मगरीबची अजान झाली आणि जनरेटर सुरू झालं नाही. अलीकडे लोक वाट बघत राहिले. मग दोघं-तिघं शेडवर आले. वफियाने डिझेलचा पंप खोलून काढला होता. तो तिने फडक्यात बांधून काखेत धरला होता.

"बिघडलंय का?"

"नाही. मी बंद केलंय. पलीकडच्या तारा जोडल्या जातील तेव्हा लागेल. लागेल तर दोन्हीकडे, नाहीतर कुणाकडेच नाही."

"उम्म सना, आमचं काय चुकलं?"

"सबीहचं काय चुकलं होतं?"

पुढचे दिवस वाईट गेले. पलीकडचे लोक तिला दुवा देत असतील, पण ती राहत होती अलीकडे. खाटकाचं सगळं मटण वाया गेलं, त्याने दुकानासमोर उभं राहून तिच्या सात पिढ्या काढल्या. दम्याच्या म्हाताऱ्यांना घेऊन घरची माणसं गच्चीवर बसायची. पाण्यासाठी बायका हापशावर भांडायच्या, आणि वफिया दिसली की भांडण थांबवून तिच्याकडे बघायच्या. कुणीतरी तिच्या दारावर दगड मारले. एका तान्ह्या मुलाच्या अंगावर घामोळ्या उठल्या होत्या. त्याची आई ते मूल घेऊन दारात आली, नुसतं मूल दाखवून गेली. त्या दिवशी वफियाने फडकं सोडलं, पंप बाहेर काढला, बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मग पुन्हा बांधला.

मैथम आला तो दाराला लाथ घालूनच. "खाला, तो पंप द्या."

"नाही देत."

"मग मशीनच उचलून नेतो."

"ने. तू माझ्या नवऱ्याला दिलेल्या टरबुजाची साल अजून शेडमागे असेल, तीही ने."

त्याचा चेहरा उतरला. त्याने बंदुकीच्या दस्त्याने शेजारची घागर फोडली आणि निघून गेला. सना थिजून उभी होती. वफिया खापऱ्या गोळा करायला बसली. घागर फुटली, एवढ्यावर भागलं, असं तिला वाटलं आणि त्या वाटण्याचाच तिला राग आला.

त्यानंतर आली नजीबा, मैथमची आई. वफियाची जुनी मैत्रीण. एकाच उन्हाळ्यात दोघींच्या मुली जन्मल्या होत्या, एकमेकींच्या पोरींना दोघींनी पाजलं होतं. घामाने चिंब, श्वास लागलेला, दारातूनच तिचा तोंडाचा पट्टा सुरू.

"अगं, माणूस आहेस की दगड? माझा नवरा पडून आहे, पाठीला फोड आलेत. तुझ्या हट्टापायी आम्ही मरायचं?"

वफियाने तिला पाणी दिलं. ती पिईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "हुदा कशी आहे?"

नजीबाने रिकामा ग्लास हातातच घट्ट धरला. हुदा तिची मुलगी, मैथमची सख्खी बहीण, पलीकडच्या गल्लीत दिलेली. तिला सातवा चालला होता.

"तारा कापल्या त्या दिवसापासून तिच्या घरात पंखा नाही, नजीबा. पाणी नाही. कापल्या कुणी, तुला माहीत आहे. तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"तो ऐकत नाही माझं." नजीबाचा आवाज खाली आला. "मी भिते त्याला. माझ्या पोटचा आहे आणि मी भिते त्याला."

"मी पण भिते," वफिया म्हणाली. "रोज भिते. पण हुदाला मी दूध पाजलंय. दुधाने ती माझीही आहे."

नजीबाने ग्लास खाली ठेवला. मग उठली आणि डोक्यावरची ओढणी नीट करून निघाली. वफिया तिच्या मागे गेली नाही. पुढचं सगळं तिला लोकांनी सांगितलं, आणि प्रत्येकाने थोडं थोडं वाढवून सांगितलं. पण एवढं सगळ्यांच्या सांगण्यात सारखं होतं. इमामबाड्याशेजारी मैथम आपल्या पोरांबरोबर बसला होता. नजीबा तिथे गेली, भर दुपारी, पन्नास माणसांसमोर. तिने डोक्यावरची काळी ओढणी ओढून काढली आणि मुलाच्या पायांपुढे टाकली. पिकले केस मोकळे. दक्षिणेकडच्या टोळ्यांत बाईने हे केलं की पुरुषाला दोनच रस्ते उरतात. तिचं म्हणणं मान्य करायचं, नाहीतर जन्मभर खाली मान घालून जगायचं. पोरांनी माना फिरवल्या. मैथम वाकला, ओढणी उचलली, झटकली, आणि आईच्या डोक्यावर घातली. "काय पाहिजे, यम्मा?" त्याने विचारलं.

पलीकडच्या माणसांना पटवलं हाजी मुनीरने. कसं, ते त्याने कधी सांगितलं नाही. पण त्याच्या मशिदीतल्या म्हाताऱ्यांनी त्या बाहेरच्यांना जेवण पाठवायचं बंद केलं होतं असं म्हणतात. ठरलं ते असं. खांबाला शिडी लागली की दोन्हीकडच्या बंदुका खाली. शिडी निघेपर्यंत कुणी घोडा दाबायचा नाही.

आता चढणार कोण, हा प्रश्न आला. सबीहनंतर कुणाही पुरुषाची त्या खांबावर चढायची छाती होत नव्हती, आणि वफियाने कुणाला विचारलंही नाही. सबीहच्या बायकोने त्याचा पट्टा पक्कडीसकट हाजी मुनीरबरोबर पाठवून दिला. वफियाने अबाया घडी करून शेडमध्ये ठेवला, खलफची जुनी विजार आणि सदरा चढवला, डोक्याला रुमाल घट्ट बांधला. पट्टा तिला सैल झाला, त्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. सनाने शिडी खांद्यावर घेतली. मायलेकी रस्त्यावर आल्या तेव्हा दोन्ही बाजूंच्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या.

"अम्मा, खाली बघू नको," सना म्हणाली.

"खाली बघितल्याशिवाय पाय कुठे ठेवू?" वफिया म्हणाली, आणि चढली.

पन्नाशीला टेकलेली जाड बाई. मध्ये एकदा तिचा पाय सटकला तेव्हा दोन्ही गच्च्यांवरून एकाच वेळी आवाज आला, "या अली", "या अल्लाह", आणि कुठला कुठून आला ते कळलं नाही. वर पोचल्यावर तिने पट्टा खांबाला अडकवला. घाम डोळ्यांत जात होता. सबीहने जोडलेल्या दोन तारा तशाच होत्या. तिने तिसरी ओढली, सोलली, पिळली, चिकटपट्टी गुंडाळली. मग चौथी. ती कुठल्या घराची, कुठल्या गल्लीची, हे तिला पाठ होतं. ही भट्टीची, ही हाजी मुनीरची, ही हुदाच्या सासरची. तिने घाई केली नाही. ती नंतर म्हणायची की त्या खांबावर तिला भीती वाटली नाही. सना म्हणायची की शिडी सगळा वेळ थरथरत होती. दोन्ही खरं असेल.

खाली उतरून ती शेडमध्ये गेली, पंप बसवला, हवा काढली आणि खटका दाबला. हाजिया खोकली. नर्सरीच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिवे लागले, आणि पलीकडच्या एका गच्चीवरून कुणा बाईने लग्नात काढतात तसा जीभ हलवत लांबलचक सूर काढला. अलीकडून नजीबाने त्याला जोड दिली.

त्याने लढाई थांबली नाही. त्यानंतरही प्रेतं सापडत होती. मैथम पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्याच मोहल्ल्यात मारला गेला, आणि वफिया त्याच्या आईशेजारी बसून रडली. पण बुस्तानमध्ये शिडी दिसली की बंदुका खाली जायच्या, हा नेम कुणी मोडला नाही. हळूहळू शिडीच्या वेळात लोक इतर कामंही उरकू लागले. औषधं पलीकडे जायची, पाव अलीकडे यायचे. हुदाला मुलगी झाली तेव्हा नजीबा शिडीचं दुसरं टोक धरून रस्ता ओलांडून गेली आणि नातीला बघून आली. मग दर गुरुवारी कुठली ना कुठली तार सैल व्हायची.

पुढच्या वर्षी अमेरिकी सैन्याने मोहल्ल्यामोहल्ल्यांत काँक्रीटच्या उंच भिंती उभ्या केल्या. नर्सरीच्या रस्त्यावरही क्रेन आली. अधिकाऱ्याने दुभाष्याकरवी सांगितलं, क्रेनला तारा आडव्या येतात, काढा.

"त्याला विचार, क्रेन किती उंच आहे," वफिया म्हणाली.

दुभाष्याने विचारून सांगितलं.

"मग तारा तिच्यापेक्षा उंच नेते. दुपारपर्यंत थांब म्हणावं. आणि हे पण सांग, की माझा नवरा तुमच्या पाटीने मेला, तारवाला आमच्या गोळीने मेला. आता तारा मरू देणार नाही."

दुभाष्या पोरगेला होता, मोसूलकडचा. त्याने ते सगळं सांगितलं की नाही कोण जाणे, पण अधिकारी डोक्यावरचं शिरस्त्राण काढून थोडा वेळ उभा राहिला आणि क्रेन दुपारपर्यंत थांबली. अलीकडून चौघं आणि पलीकडून चौघं पुरुष या खेपेला आपणहून आले आणि त्यांनी खांबांना लोखंडी नळ्या जोडून तारा वर घेतल्या. खाली भिंत उभी राहिली. वरून तारा गेल्या.

ती भिंत बरीच वर्षं होती. आजूबाजूच्या मोहल्ल्यांत एकाच पंथाची माणसं उरली. तिथून गेलेले परत आलेच नाहीत. बुस्तानमध्ये गेलेल्यांतले बरेच परतले. घर बदललेल्यांनी एकमेकांच्या किल्ल्या परत केल्या, आणि भांड्यांवरून थोडी भांडणंही केली. भिंत निघाली त्या दिवशी हाजी मुनीर जिवंत नव्हता. त्याच्या मयतीला अलीकडच्या गल्ल्यांतून इतकी माणसं गेली होती की मशिदीच्या दारात चपलांचा ढीग झाला, आणि खाटीक दुसऱ्याचे बूट घालून घरी आला.

वफिया आता सत्तरीकडे झुकली आहे. गुडघे गेलेत, त्यामुळे खांबावर सना चढते. तिने विजेच्या कामाचं शिक्षण घेतलं, लग्न केलं, आणि नवरा कुठल्या पंथाचा हे विचारणाऱ्याला आईसारखंच उत्तर देते, "माझा." वफिया खालून खुर्चीवर बसून सूचना करते आणि लेकीचं काम तिला कधीच पसंत पडत नाही.

नर्सरीच्या रस्त्यावर आता मिनीबस थांबते. त्या थांब्याला कागदावर काय नाव आहे कुणास ठाऊक. ड्रायव्हर मात्र ओरडतात, "उम्म सनाच्या तारा, उतरा." परवा एक नवा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून तिलाच विचारत होता, "खाला, ही उम्म सना कोण होती?"

"होती काय, आहे," वफिया म्हणाली. "गाडी पुढे घे, शिडी लावायचीय."

तो हसत गाडी पुढे घेऊन गेला. ती खुर्चीतून उठली, ताठ उभी राहिली आणि सनाला म्हणाली, "डावीकडची सैल आहे. नीट पिळ."